किमान मला तरी विचारा

मी एक जुना किमान तापमापक आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शांतपणे आपली कहाणी सांगतात, असा तुमचा अनुभव असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी वैतागलेला आहे, आणि माझे सगळे ऐकून घेतलेत तर तुम्हीही वैतागाल.

एका कारागिराने काच तापवून, ओढून माझी बारीक नळी केली आणि तिच्या एका टोकाला फुगा काढला. माझ्या पोटात लाल मद्यार्क भरला. मद्यार्क पोटात असूनही मी कधी झिंगलो नाही, याचा मला अभिमान आहे. त्या मद्यार्कात त्याने एक इवलीशी काळी टाचणी सोडली. रात्री गारठा वाढला की मद्यार्क आक्रसतो आणि टाचणीला आपल्याबरोबर मागे ओढत नेतो. सकाळी ऊब आली की मद्यार्क पुढे निघून जातो, टाचणी मात्र आहे तिथेच थांबते. येणाऱ्याने तिचे टोक पाहायचे, म्हणजे रात्र किती गार होती ते कळते. एवढेच माझे काम. ते आडवे पडून करायचे असते, म्हणून काही लोकांना ते काम वाटत नाही.

माझे घर म्हणजे चार पायांवर उभी असलेली, झडपांची एक पांढरी लाकडी पेटी. ती सफरचंदाच्या एका बागेच्या कडेला आहे. बाग दादाची. त्याची धाकटी बहीण हवामान खात्यात निरीक्षक. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. दोघांचे वडील होते तेव्हा त्यांनीच खात्याला बागेचा तो कोपरा दिला होता.

पेटीत माझ्याशेजारी कमाल तापमापक असायचा. तो दिवसाचा उष्मा मोजणारा, पोटात पारा असलेला. त्याचा थाट काय सांगू. "आज पारा किती चढला?" असे जो तो विचारी. आज टाचणी कुठवर उतरली, असे मला जन्मात कुणी विचारले नाही. फक्त एक माणूस सोडून. दादाचे वडील हिवाळ्यात सकाळी पेटीपाशी येत आणि मुलीला विचारत, "काय गं, झाडं नीट झोपली का?" मग बाई मला वाचे आणि सांगे.

कारण सफरचंदाचे झाड हिवाळ्यात झोपते. त्याला गार रात्री भरपूर मिळाल्या तरच ते वसंतात एकदम, भरभरून फुलते. झोप कच्ची राहिली की माणसासारखेच चिडचिडे होते. एक फांदी फुलते, दुसरी नुसतीच बघत बसते. म्हणजे बागेचे सगळे नशीब रात्रींवर, आणि रात्रींचा साक्षीदार मी.

वडील गेले. दादा बाग पाहू लागला. आणि हळूहळू माझी टाचणी मागे जाईनाशी झाली. एखादा हिवाळा जुन्यासारखा यायचा, मला हायसे वाटायचे, आणि पुढचा पुन्हा कोमट. बहर विस्कटला. मधमाश्या यायच्या तेव्हा फुले नसायची, फुले यायची तेव्हा माश्या भलतीकडेच. छपरीत फळे निवडायला बसणारी वहिनी, म्हणजे दादाची बायको, एकदा म्हणाली, "अहो, पूर्वी यातली वाईट वेचून काढायचे. आता चांगली वेचते, तेवढं लवकर संपतं."

त्याच सुमारास अर्धी बाग म्हातारी झाली होती. जुनी झाडे काढून नवी कलमे लावायची होती. दादाला वडिलांच्याच जातीची हवी होती, थंडी मागणारी. बाईचे म्हणणे, कमी थंडीत भागणारी जात लाव.

"रात्री आता तेवढ्या गार होत नाहीत, दादा."

"कोण म्हणतं?"

"हा म्हणतो," बाईने माझ्याकडे बोट दाखवले.

"तो म्हातारा झालाय. त्याला काय कळतंय."

झाले. चूक माझी. बाईने वाद घातला नाही. मला बर्फाच्या लगद्यात बुडवले, मी बरोबर शून्य दाखवले. मग एक कोरा तापमापक आणून माझ्याशेजारी ठेवला. आम्ही दोघे रोज सकाळी एकच बोललो. शेवटी ती म्हणाली, "आणि हा बिघडला असता ना, दादा, तर मद्यार्क तुटून नळीच्या टोकाला अडकला असता. मग त्याने थंडी जास्त दाखवली असती, कमी नाही."

दोन दिवस गेले. मग दादाला नवीन सुचले. बागेशेजारी डांबरी रस्ता झाला होता, फळांची पक्की वखार उभी राहिली होती. "भिंती दिवसा तापतात, रात्री ऊब सोडतात. तेच हा मोजतोय."

खरे सांगतो, हा प्रश्न मला पटला. बाईलाही पटला. "बरोबर आहे तुझं, थोडा फरक त्याने पडतो," ती म्हणाली, आणि डोंगरावरच्या हवामान ठाण्यातल्या निरीक्षकाला फोन लावला. तिथे रस्ता नाही, भिंत नाही, शेजाराला दगड आणि वारा. तिथल्या माझ्या भावाची टाचणीही वर्षानुवर्षे वरच सरकत होती. जगभर असेच आहे, समुद्रावरसुद्धा, असे बाईने सांगितले. समुद्रात कोण वखार बांधतो?

आता तरी संपेल असे मला वाटले. पण मित्रांनो, मी शेजारच्या बागवाल्याला विसरलो होतो. हा माणूस पिकापासून पाठदुखीपर्यंत सगळ्याचे कारण सूर्यात शोधायचा, म्हणून सगळे त्याला सूर्यकाका म्हणत. तो कुंपणाला टेकून म्हणाला, "अरे, हे सूर्याचं चक्र आहे. तो कधी तापतो, कधी निवतो. माणूस केवढा, सूर्य केवढा. थांब थोडा, थंडी आपोआप परत येईल."

आपोआप. या शब्दाने माझ्या काचेला तडा जायचा बाकी राहिला. दादाला मात्र तो शब्द औषधासारखा लागू पडला. आपोआप परत येणार असेल तर वडिलांची जात लावायला हरकत काय?

"काका, सूर्याने तापवलं असतं तर दिवस जास्त तापले असते," बाई म्हणाली. "रात्री सूर्य असतो का? आणि इथे दिवसांपेक्षा रात्रीच जास्त उबदार होत चालल्यात. उपग्रह कित्येक वर्षं सूर्याकडे बघतायत, त्याची आच काही वाढलेली नाही. शिवाय सूर्यामुळे झालं असतं तर वरपासून खालपर्यंत सगळी हवा तापली असती. खूप उंचावरची हवा उलट गार होतेय."

"मग कशाने झालं म्हणतेस?"

"पांघरुणाने. आपण कोळसा, तेल, गॅस जाळतो, त्याचा वायू हवेत साठतो. पृथ्वीची ऊब रात्री वर निघून जायची, ती आता अडकते."

"ज्वालामुखीतूनही वायू येतो की."

"येतो. आपल्या धुराड्यांपुढे तो चिमूटभर आहे."

"पण पूर्वी माणूस नव्हता तेव्हाही हवामान बदललंच होतं ना," दादाने शेवटचा हुकमी पत्ता टाकला.

"बदललं होतं. कधी सूर्यामुळे, कधी पृथ्वीच्या फिरण्यातल्या फरकामुळे. ती कारणं आम्ही रोज तपासतो, दादा. या वेळी ती जुळत नाहीत. तुला लहानपणी आपोआप ताप आला होता, म्हणून आता पावसात भिजून आलेला तापही आपोआपच का?"

दादा चिडला. युक्तिवाद संपला की माणूस आवाज वाढवतो, हे मी पेटीतून पुष्कळदा पाहिले आहे. "म्हणजे बाबांनी लावलेली जात मी माझ्या हाताने बंद करायची? तुझ्या एका टाचणीवरून?"

"बाबांनी झाडं लावली ती त्यांच्या वेळच्या रात्री बघून," बाई हळू म्हणाली. "तू तुझ्या वेळच्या बघ."

"मला शिकवू नकोस."

वहिनी चहा घेऊन आली होती. तिने दोघांकडे पाहिले आणि म्हणाली, "तुमचं ठरलं की झाडांना कळवा. ती बिचारी ताटकळलीत." कुणी हसले नाही. बाई चहा न घेताच गेली.

दादाने वडिलांचीच जात लावली.

त्यानंतर बाई रोज येई, मला वाचे, टाचणी सरकवून पुन्हा जागेवर आणी आणि घराकडे न पाहता निघून जाई. बहीण-भावाचे बोलणे बंद. पुढे खात्याने बागेत एका खांबावर आपोआप मोजणारे यंत्र बसवले. बाईची बदली शहरातल्या कचेरीत झाली. कमाल तापमापकाला कुणीतरी संग्रहालयासाठी नेले. तिथेही तोच आधी. मी उरलो. पेटीचा रंग उडाला, एक झडप निखळली, गांधीलमाशीने माझ्या उशाशी मातीचे घर केले. मी रोज रात्र मोजायचो, पण सकाळी टाचणी जागेवर आणायला कुणी नव्हते. जो एकदाही ऐकत नाही त्याला किती वेळा सांगायचे?

नवी झाडे वाढली, दिसायला छान झाली. फळ धरायच्या वयात आली आणि वसंतात तोंडे वेगवेगळ्या दिशांना करून बसली. थोडा बहर इथे, थोडा तिथे. दादाने खते बदलली, छाटणी बदलली, मधमाश्यांच्या पेट्या मागवल्या. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. सूर्यकाका कुंपणावरून म्हणत राहिला, "थांब थोडा." त्याची स्वतःची बाग त्याने तोवर विकून टाकली होती.

मग एका हिवाळी सकाळी पेटीचे दार करकरले. दादा होता. केस पांढरे झालेले. त्याने आधी गांधीलमाशीचे घर काढले, मग रुमालाने मला पुसले. चष्मा वर केला, खाली केला, आणि टाचणीचे नेमके चुकीचे टोक वाचले. मी कपाळाला हात लावला असता, पण मला दोन्ही नाहीत.

 मग त्याने खिशातून फोन काढला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. पलीकडे बाई होती.  इतक्या वर्षांनी त्याने एवढेच विचारले, "या टाचणीचं कुठलं टोक बघायचं गं?"

 मग बाईचा आवाज मला ऐकू आला. "फुग्यापासून लांबचं. आणि बघून झालं की फुग्याकडची बाजू वर उचल, म्हणजे टाचणी जागेवर येईल. हळू उचल."

तो हिवाळा दादाने मला रोज वाचले. बरोबर टोक वाचले. हिवाळा सरला तेव्हा बाई आली. दोघे माझ्यासमोर उभे राहिले.

"हे आपोआप मागे जाणार आहे का?" त्याने विचारले.

"नाही, दादा."

"कधीच?"

"सगळ्यांनी जाळणं थांबवलं तर वाढणं थांबेल. बाबांच्या रात्री आपल्या हयातीत परत नाही यायच्या."

त्याने मान हलवली. त्याच आठवड्यात कुऱ्हाड चालली. आपल्याच हाताने लावलेली तरणी झाडे तो एकेक करून काढत होता आणि वहिनी फांद्या ओढून नेत होती. मी इतके दिवस माझे खरे ठरावे म्हणून धुमसत होतो. त्या दिवशी खरे ठरण्यात काही गोडी वाटली नाही. आता तिथे कमी थंडीवाली कलमे आहेत. वखारीतले डिझेलचे जनित्र जाऊन छतावर सौर तावदाने आली. दादाला ठाऊक आहे की त्याच्या एकट्याच्या वखारीने माझी टाचणी हलणार नाही. "पण वाढवण्यात माझा हात नको," एवढेच तो म्हणतो.

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात ठेवू नका, माझे कौतुक करू नका. मला पुसा आणि योग्य टोकाकडून वाचा. शंका असेल तर बर्फात बुडवून पाहा, प्रश्न जरूर विचारा. चांगला प्रश्न मला आवडतो. पण उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारू नका. आजही बागेत पाहुणे येतात, माझ्यासमोर उभे राहतात आणि एकमेकांना म्हणतात, "सूर्यामुळे की माणसामुळे, यावर अजून चर्चा व्हायला हवी, नाही का?"

चर्चेने झाडे झोपत नाहीत. त्यांना थंडी लागते.