शेवटच्या रांगेतला रुमाल

शिवानी, आधी फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस.

डोंबिवलीचा तो जुना हॉल माहितीये ना, तिथे माइक लावतच नाहीत. लाकडी छत असं उतरतं बांधलंय की आवाज आपोआप मागे जातो. पण लोक आत यायच्या आधी गायकाने एक ‘सा’ लावायचा, हरिहरकाकांनी शेवटच्या रांगेत उभं राहून ऐकायचा. पोचला की पांढरा रुमाल वर. आपल्या जन्माच्या आधीपासून तेच करतायत. कमिटीतल्या सलिलला कधीचा माइक आणायचाय, पण काका म्हणतात, माझे कान आहेत तोवर नाही.

आणि काल माझा पहिला कार्यक्रम, आणि घसा बसलेला.

तानपुरा सुरू झाला. मी तोंड उघडलं, तर नुसती हवा. काहीच नाही गं.

रुमाल वर.

मला वाटलं, चुकून. परत तोंड उघडलं, या वेळी मुद्दाम गप्प. नुसता हात पुढे नेला, आलाप घेतल्यासारखा.

"स्वच्छ पोचला गं बाळा," काका तिकडून म्हणाले. बघत होते माझ्या ओठांकडे.

सलिल विंगेत वायरी घेऊन वाकलेला, त्याला काय कळणार.

"खरंच पोचला, उर्वी? की लावू माइक? तू फक्त बोल," त्याने विचारलं.

"पोचला," मी म्हटलं.

का म्हटलं, मला विचारू नकोस.

गरम पाणी पिऊन पिऊन घसा जेमतेम सुटला. पहिली बंदिश अर्ध्यावर आली तर मागच्या रांगा उठायला लागल्या. शहाडची आत्या तर थेट पुढे येऊन पायरीवर बसली, "सरक गं, मागे काही ऐकू येईना." मागे काका एकटे. समेला मान मात्र बरोबर हलत होती, माझ्या हातावर नजर ठेवून. मग त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. सावकाश, एकेका रांगेकडे.

नंतर ग्रीनरूममध्ये आले, रुमाल माझ्या हातात दिला.

"घाम पूस."

पुसला. मी परत द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला.

सलिल दारातच होता. "काका, पुढच्या कार्यक्रमाला माइकचं काय करायचं?"

"उर्वीला विचार," म्हणाले, आणि चप्पल घालून निघून गेले.

सकाळपासून सलिलचे तीन मिस्ड कॉल आहेत, रुमाल माझ्या पर्समध्ये आहे. माझ्या जागी तू असतीस तर काय सांगितलं असतंस त्याला?