दयाराम हमालाला लागलेली डाकीण

गुढियारीच्या पटांगणात बायकांची ही रीघ लागलेली! मांडवात लालेश्वर महाराज बिनसुईचं रक्त भरत होते. बाईनं उजवा हात उंच धरायचा, महाराजांनी दोन मिनिटं पुटपुटायचं. तळहात पांढरा पडला की गर्जना व्हायची, "देखो, डाकीण खून पी रही है!" मग हात खाली, मनगटाला करकचून लाल धागा, आणि बघता बघता तळहात लालबुंद. लगेच जयजयकार!

ज्ञानदा समता कॉलनीतल्या दवाखान्यात रक्त तपासायची. रांगेत स्वतःची वहिनी, लता, दिसताच तिचं डोकं सणकलं. लताची पाळी दहा-दहा दिवस चाले, चार पायऱ्यांत धाप लागे. हिमोग्लोबिन निदान बारा हवं, लताचं काल भरलं होतं सहा.

"वहिनी, डॉक्टरकडे काहून नाही जात?"

"अंगावरून इतकं जाते हे परक्या माणसाले कसं सांगू? इथं काही सांगाच लागत नाही."

या लाजेवरच तर महाराजांचा मांडव उभा होता.

लताचाही हात लाल झाला. महाराज म्हणाले, "अब लोहे की गोली बंद! गोलीनं डाकीण चवताळते."

आता मात्र ज्ञानदा पुढे सरसावली. खांबाशी मालधक्क्यावरचा हमाल दयाराम उभा होता, दोन पोती एकदम उचलणारा गडी.

"दयाराम भैया, एक हात वर धरा."

मंत्र नाही, तंत्र नाही. दोन मिनिटांत दयारामचा तळहात पांढराफटक!

"महाराज, याले बी पाळी येऊन राहिली काय?"

मांडव खदखदला. महाराज अडखळले, "ये... ये पुरुष डाकीण है!"

"म्हणजे डाकिणीचा नवरा!" एक म्हातारी ओरडली.

ज्ञानदा म्हणाली, "हात वर केला की रक्त खाली उतरते, खाली आणला की भरते. धाग्यानं ते तिथंच तुंबते. वाढत थेंबभर नाही." तिनं पिशवीतलं तपासणीचं छोटं यंत्र काढून लताच्या दुसऱ्या हाताच्या बोटातून थेंब घेऊन तपासला. सहाच! महाराजांना तेवढ्यात समाधी आठवली आणि ते मागच्या कनातीतून निसटले.

ज्ञानदाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंसमोर लता आधी मान खाली घालून बसली, मग सगळं बोलली. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. रक्तस्राव आवरायचं औषध आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी आकडा अकरावर गेला. आता शेजारणींना तीच दटावते, "बायांनो, पाळी जास्त जात असन तं डॉक्टरले सांगा. लाजून राहाल तं असे दहा महाराज येतीन."