तिसऱ्या चौकटीतली माणसे

मी एक जुना पॅड आहे. तुम्ही परीक्षेला नेता तसाच, दाबलेल्या भुशाच्या फळीचा, वर लोखंडी चिमटा असलेला. मात्र माझ्यावर कुणी पाठ केलेली उत्तरे लिहिली नाहीत.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात गरम दाबयंत्राखाली झाला. तिथून शंभर भावंडांसह मी सरकारी मोजणी कार्यालयात आलो आणि एका बाईंच्या वाट्याला गेलो. लोक त्यांना मोजणीबाई म्हणत. देशात किती माणसे काम करतात, हे घरोघरी जाऊन विचारायचे, हे त्यांचे काम. ऊन वाढले की त्या मला डोक्यावर धरत. चहा मिळाला की कप माझ्यावरच टेकत. त्या कपांची वर्तुळे अजून माझ्या अंगावर आहेत.

माझ्यावरच्या कागदात प्रत्येक माणसासाठी तीन चौकटी असत. काम करणारा पहिल्या चौकटीत. काम नाही पण शोधतो आहे, तो दुसऱ्या चौकटीत. त्यालाच बेरोजगार म्हणायचे. जो काम करत नाही आणि शोधतही नाही, तो तिसऱ्या. तिथे शाळकरी मुले असत, थकलेले म्हातारे असत, आणि दिवसभर राबूनही ‘काही करत नाही’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बायका असत. तिसऱ्या चौकटीतल्या माणसाला बेरोजगारांत धरत नाहीत. हे नीट लक्षात ठेवा.

दर तीन महिन्यांनी आम्ही त्याच घरांत जात असू. त्यात बाटल्यांच्या कारखान्यामागची एक गल्ली होती. कारखाना बंद पडला त्या वर्षी पहिल्या फेरीला तिथल्या काचभट्टीवर राबलेले भट्टीवाले दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी दुसरी चौकट स्वतः बोटाने दाखवली. पुढच्या फेरीला त्यांनी किती उंबरठे झिजवले ते मोजून सांगितले. तिसऱ्या फेरीला बाईंनी विचारले, गेल्या चार आठवड्यांत कुठे काम शोधलेत का? दादा खिडकीकडे बघत म्हणाले, “शोधून झालं.”

बाईंनी तिसऱ्या चौकटीत खूण केली. शेजारच्या घरातही तेच, त्यापुढच्या घरातही तेच. ऐन कामाच्या वेळी, सकाळी अकरा वाजता प्रत्येक दाराशी पुरुषांच्या चपला होत्या आणि गल्लीत कसलाच आवाज नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

कार्यालयात मात्र आनंद होता. शहरातली बेरोजगारी निम्म्यावर आली होती. साहेबांनी बाईंचे कौतुक केले. बाई म्हणाल्या, “साहेब, ती कमी झालेली नाही. शेजारच्या चौकटीत जाऊन बसली आहे.” साहेब वाईट नव्हते. आपण विचारायचे आणि लिहायचे, अर्थ लावणारे वेगळे, एवढेच ते म्हणाले.

अर्थ लावणाऱ्यांनी तो लावला. त्या गल्लीच्या भागात बेरोजगार उरले नाहीत, म्हणून नवे काम शिकवणारे केंद्र बंद झाले.

चौथ्या फेरीला भट्टीवाल्यांच्या बायकोने दार उघडले. हात साबणाने भिजलेले होते. आत सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. ती हळूच म्हणाली, “ताई, ह्यांना दुसऱ्या चौकटीत घाला. शोधतायत म्हणून लिहा. मग तरी केंद्र उघडेल.”

बाईंनी पेन माझ्यावर आडवे ठेवले. “खोटं नाही लिहिता यायचं, वहिनी,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी कागदावर नसलेला एक प्रश्न विचारला. “दादा, उद्या काम मिळालं, तर जाल?”

आत भिंतीला टेकलेले दादा ताठ झाले. मग उठले आणि खुंटीवरचा शर्ट काढू लागले. “किती वाजता यायचं?”

दादांना वाटले, कामच आले. बाई त्यांची माफी मागून बाहेर पडल्या. पुढे प्रत्येक दारात त्यांनी आधी सांगितले, “माझ्याकडे काम नाही, मी फक्त विचारते आहे.” आणि तोच प्रश्न विचारला. म्हातारे आणि शाळकरी मुले सोडून तिसऱ्या चौकटीत चौऱ्याहत्तर माणसे होती. त्यांतली एकसष्ट ‘हो’ म्हणाली. त्यांत बायकाही होत्या. त्यांना हे आजवर कुणी विचारलेच नव्हते. तो सगळा हिशोब बाईंनी वेगळ्या कागदावर मांडला.

छापील नमुन्यात नसलेला प्रश्न अहवालात घालता येत नाही, असे सांगून साहेबांनी तो कागद परत केला. बाईंनी तो माझ्या चिमट्यात अडकवला. पुढच्याच महिन्यात कागदाऐवजी हातात धरायची यंत्रे आली. त्यांत ‘शोधत नाही’ हे बटण दाबले की पुढचे प्रश्न उघडतच नाहीत. बाईंची बदली झाली आणि मी अडगळीच्या खोलीत आलो.

भिंतीपलीकडून मला बैठका ऐकू येतात. आकडा पुन्हा उतरला, मग आणखी उतरला. आता ते नुसत्या एका गल्लीविषयी बोलत नाहीत, शहरांची नावे घेतात. दर वेळी टाळ्या वाजतात.

मित्रांनो, माझा चिमटा गंजत चालला आहे आणि गंज कागदात उतरतो आहे. कधीतरी ही खोली साफ करायला कुणी येईल, कदाचित तुमच्यापैकीच कुणी मोठे होऊन. मला खुशाल फेकून द्या. पण आधी चिमटा दाबा, तो कागद सोडवा आणि एकदा तरी वाचा. ती एकसष्ट माणसे ‘हो’ म्हणाली होती.