मुलाखतीच्या दाराबाहेर

मित्रांनो, विद्यापीठात नोकऱ्यांच्या मुलाखती होतात, त्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभं असलेलं जुनं बाकडं मी.

माझा जन्म याच आवारातल्या सुतारशाळेत झाला. तेव्हा विद्यापीठाचा स्वतःचा सुतार होता, कायम नोकरीतला. माझ्या कडा त्याने घासून घासून गोल केल्या. म्हणायचा, "इथे घाबरलेली माणसं बसणार. त्यांना टोचता कामा नये." तो निवृत्त झाला आणि त्याची जागा भरलीच नाही. पुढे माझा पाय डुगडुगू लागला, तेव्हा कंत्राटदाराच्या माणसाने पत्र्याची पट्टी ठोकली. ती आजही लोकांच्या कपड्यांत अडकते.

माझ्यावर माळी बसले, पहारेकरी बसले, ग्रंथपाल बसले, प्राध्यापक व्हायला आलेले तर कितीतरी. घसा सगळ्यांचाच कोरडा. पण मला लळा लागला तो रसायनशास्त्राच्या बाईंचा. त्या तासावर शिकवायच्या. सुट्टी लागली की नोकरी संपायची आणि वर्ग सुरू होताना त्याच कामासाठी पुन्हा मुलाखत. त्यांचे केस माझ्यासमोर पांढरे झाले.

दारावरचे शिपाईकाका दर वेळी म्हणायचे, "बाई, यंदा कायमची जागा निघणार म्हणतात."

"तुमच्या तोंडात साखर पडो, काका."

अखेर जागा निघाली, एकच. त्या दिवशी माझ्यावर एक तरुण आधीच बसला होता. बाईंना पाहून तो ताडकन उठला. तो त्यांचाच विद्यार्थी. बाईंनी त्याला शेजारी बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. म्हणाल्या, "सावकाश बोल. घाई झाली की तू शब्द गिळतोस."

आधी बाई आत जाऊन आल्या, मग तो गेला. तो सावकाश बोलला असावा. जागा त्यालाच मिळाली.

बाहेर आला तो मान खाली घालून. "बाई, ही जागा खरं तर तुमची..."

"वेडा आहेस का? आधी घरी जा, आईला सांग."

तो गेल्यावर मात्र त्यांनी माझी कड घट्ट धरली.

बाई तासाच्या कामासाठी येतच राहिल्या. काही वर्षांनी अशाच एका मुलाखतीला आल्या. आतून आल्या, बसल्या आणि उठेचनात. शिपाईकाका जवळ आले. "काय झालं, बाई?"

"निवड समितीत तो होता, काका. माझा विद्यार्थी. ठरलेले प्रश्न विचारायची पाळी त्याचीच होती. खाली बघत म्हणाला, शिकवण्याचा काही अनुभव?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"तोंडातून शब्द फुटेना. समितीचे अध्यक्ष म्हणाले, बरं, कळवतो."



कुणी काही कळवलं नाही. बाई परत कधी आल्या नाहीत. त्यांच्या वर्गाला आता कोण शिकवतं, की कुणीच शिकवत नाही, मला ठाऊक नाही. मी जागचं हलू शकत नाही.

मित्रांनो, मला जपा, रंग द्या, असं मी म्हणत नाही. तुमच्यातलं कुणी मोठं होऊन दाराच्या आतल्या बाजूला बसेल. तेव्हा ज्याला घ्यायचं असेल, त्याला पुरतं घ्या. ज्याला घ्यायचं नसेल, त्याला त्याच दिवशी तोंडावर सांगा आणि घरी जाऊ द्या. त्याला आयुष्यभर माझ्यावर बसवून ठेवू नका.