चाकांवरची माती

"आमची सून अमेरिकेच्या राज्यकारभारावर संशोधन करते," पद्माकर नलावड्यांनी धाकट्या भावाला फोनवर चौथ्या वर्षीही तितक्याच गांभीर्याने सांगितलं आणि टायची गाठ वर ओढली. पलीकडच्या खोलीत सून, उल्का, भिंतीकडे तोंड करून एका घोडागाडीत किती कचरा मावतो याची उजळणी करत होती.

पद्माकरराव खोटं बोलत होते असं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कारखानदारी शहरात काही बायकांनी सुधारणेची चळवळ उभी केली. स्वतःला मतदानाचा हक्क नसताना नगरसेवकांना घाम फोडला, कंत्राटदाराला घरी बसवलं. आणि हे सगळं त्यांनी केलं ते कचऱ्याच्या गाड्यांमागे वही घेऊन चालत जाऊन. पद्माकरराव नातेवाइकांना सांगताना हे शेवटचं वाक्य तेवढं गाळत. गाळायची त्यांना सवय होती. ते स्वतः एकतीस वर्षं सॅनिटरी इन्स्पेक्टर होते, पण मुलाचं स्थळ पाहताना माहितीच्या कागदावर 'वडील नगरपालिकेत अधिकारी' एवढंच लिहिलं होतं. कोणतं खातं, असं कुणी विचारलंच तर त्यांना हमखास तहान लागे.

"बाबा, पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असली तरी दोन तास आहे. कंटाळाल तुम्ही," ट्रामची वाट बघताना उल्का म्हणाली.

"सर्वसाधारण सभेत आयुष्य काढलंय मी. कंटाळा हा प्रकार मला माहीत नाही."

"आणि मी तिथे काही बोलले तर रागावू नका."

"काय बोलणार आहेस?"

"ट्राम आली," उल्का म्हणाली.

मुलगा श्रीरंग मागे पिशवी सांभाळत उभा होता. पिशवीत हार होता. फुलवाल्याकडची शेवंती पद्माकररावांनी सकाळीच बसून ओवली होती. घरात साधा दोरा सापडेना, म्हणून बाथरूममधला दातांचा दोरा घेतला आणि शेवटाला भेटवस्तूवरची सोनेरी रिबीन बांधली.

"बाबा, इथे हार नाही घालत. डॉक्टर झालं की मित्रमंडळी कागदाची टोपी करून घालतात."

"घालू देत की. ती डोक्यावर, हा गळ्यात. भांडण कुठे आहे?"

जर्मनीतल्या कोलोनच्या विद्यापीठातल्या त्या खोलीत वीसेक माणसं होती. पद्माकरराव शेवटच्या रांगेत बसले. सून इंग्रजीत बोलत होती, त्यामुळे बरंचसं कळत होतं. मुकादम कामगारांना दम देतो तशा आवाजात ती परीक्षकांशी बोलत होती, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

मग पांढऱ्या केसांच्या प्राध्यापक बाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. त्या बायकांच्या वहीचं पान होतं. गाडीचा नंबर, वेळ आणि पुढे एका रकान्यात नुसतं करडी, करडी, पिवळी, करडी.

"या रकान्यावर आजवर तिघांनी लिहिलं. कुणी म्हणालं घोड्यांचा रंग, कुणी म्हणालं कचऱ्याचा. तुम्ही लिहिता, चाकाला चिकटलेली माती. गावाची करडी, डेपोची पिवळी. करडी चाकं घेऊन परत येणारी गाडी डेपोला गेलेलीच नाही. पुरावा नंतर तुम्ही नकाशांत शोधलात, ते ठीक. पण मुळात हे सुचलं कसं?"

पद्माकररावांना तहान लागली.

दोन वर्षांपूर्वी फोनवर सून त्या रकान्याने रडकुंडीला आली होती. ते सहज म्हणाले होते, "अगं, चाकं बघत असणार. आमच्याकडे डेपोची माती काळी, गावाची तांबडी. कागदावर चार फेऱ्या, आणि चाकं तांबडी ती तांबडीच!" एवढं बोलून त्यांनी विषय बदलला होता.

"माझ्या सासऱ्यांमुळे," उल्का म्हणाली. "एकतीस वर्षं ते सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. कचरा खातं. ते मागे बसलेत, करड्या कोटात."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं प्राध्यापक बाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी बोटांची पेरं टेबलावर वाजवली. मग शेजारच्यांनी, मग सगळ्या खोलीने.

नगरपालिकेच्या सभेत टेबलं वाजायची ती इन्स्पेक्टरला जाब विचारायला. पद्माकरराव उठून उभे राहिले, हात पुढे बांधून, मान किंचित खाली. आवाज वाढला.

"बाबा, बसा," श्रीरंग कुजबुजला. "इथे टाळ्या अशाच वाजवतात."

पद्माकररावांनी हात सोडले. मान वर केली. बसले मात्र नाहीत.

संध्याकाळी कागदी टोपी आणि हार, दोन्हींसकट उल्काचे फोटो निघाले. टोपीवर कुणीतरी पुठ्ठ्याची कचरागाडी बसवली होती, तिची चाकं पिवळी रंगवलेली. पद्माकररावांनी भावाला पुन्हा फोन लावला.

"झाली रे डॉक्टर. कशात म्हणजे? कचऱ्यात! हो, कचऱ्यात. आणि ऐक, मी कोणत्या खात्यात होतो ते सुनेच्या घरच्यांनी तुला विचारलं होतं ना?... आता सांग. सगळ्यांना सांग."

"दादा, तुझा तो इन्स्पेक्टरचा बिल्ला अजून आहे माझ्याकडे," भाऊ म्हणाला. "तू टाकून दिला होतास तो."

"पुसून ठेव," पद्माकरराव म्हणाले.

दोन दिवसांनी हार सुकला. श्रीरंग म्हणाला, ठेवा, मी बघतो. पण हे काम पद्माकररावांनी कुणाला दिलं नाही. कोट चढवून ते चार मजले उतरले. अंगणातल्या डब्यांचे रंग त्यांनी जाणत्या नजरेने तपासले आणि हार दोन्ही हातांनी, अलगद, ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात ठेवला.

गुरुवारी सकाळी गाडी आली तेव्हा ते खिडकीत उभे होते. चाकांकडे बघत.

गाडी गेल्यावर ते खाली गेले. आठ बिऱ्हाडांचा तो डबा गाडीवाल्यांनी न उचलता भरलेलाच ठेवला होता. झाकणाच्या फटीतून सोनेरी रिबीन बाहेर लोंबत होती आणि कडीला लाल कार्ड अडकवलं होतं. 'ओल्या कचऱ्यात प्लास्टिक' या चौकोनात फुली. खाली तारीख आणि इन्स्पेक्टरची सही.