एकोणिसावं वर्ष

टोमॅटोच्या रोपांचा खोका छातीशी धरून नेवेंकाने मान वर केली, तेव्हा रस्त्यापलीकडे सिल्वो धावत होता.

आधी तिला वाटलं, दुसराच कुणी असेल. पण कोपरांवर चामड्याची ठिगळं लावलेला तो तपकिरी कोट साऱ्या मारिबोर शहरात एकच होता. बाजारासमोरून सहा नंबरची बस सुटत होती आणि सिल्वो पिशवी उंचावत तिच्यामागे पळत होता. हातात काठी नव्हती. डावा पाय फरफटत नव्हता. मधल्या डबक्यावरून त्याने उडी मारली, बसच्या दारावर थाप दिली आणि आत चढून दिसेनासा झाला.

नेवेंका बटाट्यांच्या पोत्यावर मटकन बसली.

"बाई, चक्कर येतेय का?" रोपं विकणारीने विचारलं.

"नाही हो. माझ्या ओळखीचा एक माणूस बरा झाला."

आरोग्य केंद्रामागच्या बागेत सप्टेंबरपासून दर गुरुवारी आठ जण जमत. आठही जणांचा आजार एकच, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण झिजत जातं आणि एके दिवशी पाय, बोटं, डोळे सांगितलेलं ऐकेनासे होतात. नेवेंकाचं हे सहावं वर्ष होतं. पूर्वी ती केकवर साखरेचे गुलाब काढायची. आता बोटांना सुई टोचली तरी पत्ता लागत नसे. ओल्या मातीचा गारवा मात्र कसा कोण जाणे, आतपर्यंत पोचायचा. कमरेएवढ्या उंच लाकडी वाफ्यात हात घातले की ती तासभर तरी कुणाची रुग्ण नसे.

त्या वाफ्यावरचा तिचा जोडीदार सिल्वो. बासष्ट वर्षांचा, आजाराची एकोणीस वर्षं काढलेला. त्याला सगळं ठाऊक असायचं. "दमायच्या आधी बस, दमल्यावर बसून उपयोग नाही." "उन्हात मनगटांना ओला रुमाल बांध." "चिडलीस तर चिडचिड आजाराची समज. माफी मात्र तू माग." आणि नेवेंका घरी जाताना बसमध्ये मनातल्या मनात हिशेब करायची: एकोणिसाव्या वर्षी काठी टेकत का होईना, माणूस उभा आहे. म्हणजे आपल्याला अजून तेरा वर्षं.

आता तर तो धावला होता. म्हणजे हा आजार परतही जातो!

तिने घरात कुणाला काही सांगितलं नाही. रविवारी स्वयंपाकघराचं दार लावून, टेबलावरचा हात काढून ती एकट्या डाव्या पायावर उभी राहिली. चार मोजेपर्यंत टिकली. दुसऱ्यांदा, सातपर्यंत.

गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. दहाच्या सुमारास फाटक वाजलं. सिल्वो आत आला, काठी टेकत, डावा पाय मागून ओढत.

"मे महिन्यातले थंडीच्या संतांचे दिवस गेले, शेवटचा झोफ्काचा पावसाळी दिवसही गेला," तो वाफ्याशी येत म्हणाला. "आता दव गोठायची भीती नाही, लावायला हरकत नाही. काय, आज गप्पशी?"

त्याने काठी वाफ्याला टेकवली, खड्डा केला, रोपासाठी हात पुढे केला. तिने रोप दिलं नाही.

"शनिवारी बस मिळाली का?"

त्याचा मातीतला हात तसाच राहिला.

"सहा नंबरची. डबक्यावरून उडी मारलीत तुम्ही."

बागेत सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. फिजिओथेरपिस्ट ब्रेडाचा तसा नियमच होता. नेवेंकाच्या तोंडचं 'तुम्ही' ऐकून सिल्वोचा चेहरा पांढरा पडला.

"नेवेंका, आजार मला नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "टिल्काला होता. माझ्या बायकोला. या बागेत नाव तिनेच घातलं होतं, पण ऑगस्टमध्ये ती गेली. मी नुसता कळवायला आलो होतो. केंद्राची काठी परत करायची होती, ती हातात होती. ब्रेडाने विचारलं, किती वर्षं झाली? मी म्हटलं, एकोणीस. खरं सांगतो, तेव्हा खोटं बोलतोय असं वाटलंच नाही. मग तिने मला हातमोजे दिले."

"आठ महिने पाण्याच्या झाऱ्या मी उचलल्या. तुमचा पाय दुखतो म्हणून!"

"हो."

"आणि मी सगळं सांगत गेले तुम्हाला. रात्री अंथरूण ओलं झालं तेसुद्धा."

नेवेंकाने वाफ्याची कड घट्ट धरली. खरा प्रश्न तिला आत्ता सुचला होता आणि तो विचारायची तिला भीती वाटत होती.

"टिल्का… एकोणिसाव्या वर्षी उभी राहायची?"

सिल्वोने मान हलवली. नाही.

"कधीपासून नाही?"

"अकराव्या."

सहा आणि पाच. तिने बोटांवर मोजलं नाही, तरी आकडा समोर येऊन उभा राहिला. तिच्या मुलीचं तोवर कॉलेजही संपणार नव्हतं.

"फाटकापाशी खताची गोणी आलीय," ब्रेडा पलीकडून ओरडली. "कुणी हात लावू नका, पहारेकऱ्याला बोलावते."

"कशाला?" नेवेंकाचा आवाज तिलाच परका वाटला. "सिल्वो आणेल."

सिल्वोने तिच्याकडे पाहिलं. मग काठी तिथेच सोडून तो फाटकाकडे गेला, चाळीस किलोची गोणी खांद्यावर घेतली आणि सगळ्या वाफ्यांमधून सरळ चालत आला. कुणी हललं नाही. ब्रेडाच्या हातातली कात्री उघडीच राहिली.

"अरे देवा," चाकाच्या खुर्चीतला लोयझे म्हणाला. "आणि मी याला खुर्ची ढकल म्हणायला लाजत होतो!"

कुणी हसलं नाही. सिल्वोने गोणी उतरवली, टोपी काढली आणि मघाशी नेवेंकाला सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं, आणखी थोडक्यात. मग हातमोजे काढून, जोडीने घडी घालून ब्रेडासमोर ठेवले आणि तो फाटकाकडे वळला.

"कुठे चाललास?" नेवेंका म्हणाली. "सहा रोपं राहिलीत."

तो थांबला.

"झारी भरून आण. दोन्ही."

तो दोन्ही झाऱ्या भरून घेऊन आला आणि तिच्या समोर उभा राहिला. नेवेंकाने खोक्यातून रोप काढलं, मुळांभोवतीची माती सुटू नये म्हणून तळव्यावर धरलं.

"बाराव्या वर्षापासून सांग," ती म्हणाली. "आणि काही गाळायचं नाही."

सिल्वोने एक झारी खाली ठेवली.

"बाराव्या वर्षी आम्ही तिचा पलंग स्वयंपाकघरात आणला," तो म्हणाला. "मी कांदा करपवतो म्हणून तिला माझ्यावर नजर ठेवायची होती."

नेवेंकाने रोप खड्ड्यात ठेवलं आणि त्याने पाणी ओतायची वाट पाहू लागली.