दोन मास्तर, जिवंत

“वाचलंस ना? मग कर सही,” असं म्हणून लक्ष्मणरावांनी पेन पुढे सरकवलं.

भीमराजने पेन उचललं नाही. त्याने कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, तोही मोठ्यांदा. त्याच्या बापाने जन्मभर लोक सांगतील तिथे अंगठा उठवला होता. मरताना त्याने पोराला एवढंच सांगितलं होतं, वाचल्याशिवाय सही करू नको. तेव्हापासून भीमराज पगाराच्या रजिस्टरवरसुद्धा आधी मोठ्यांदा वाचून मगच सही करायचा आणि मागची रांग चरफडत उभी राहायची.

“‘मी, प्राणीघरातील कामगार भीमराज, याने दिनांक पंधरा जानेवारी रोजी कंपनीच्या मालकीचे दोन जिवंत हॅमस्टर पिंजऱ्यातून चोरले.’ पंधरा? साहेब, हे खोटं हाय. सोळाला नेले मी. आन ते मेलेले म्हणून लिहिल्यावर नेले.”

लक्ष्मणराव ऑफिसातले मोठे कारकून. त्यांनी शेजारी बसलेल्या डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. प्राणीघराचे प्रमुख असलेले साहेब खिडकीबाहेर बघत होते. टेबलावर भीमराजच्या घरून मागवलेलं लाकडी खोकं होतं. वर जाळी, मधोमध ठोकलेली फळी आणि फळीच्या दोन बाजूंना दोन मास्तर. या सगळ्या भानगडीचं त्यांना काही नव्हतं. ते निवांतपणे गालात हरभरे कोंबत होते.

हॅमस्टर हा शब्द त्या लसीच्या कंपनीत एकाही कामगाराच्या तोंडात बसला नाही. आधी त्याचा हमास्तर झाला, मग नुसता मास्तर. सोनेरी अंग, नावापुरती शेपूट आणि गालात दाणे भरले की तोंडात पान धरून वर्गावर आलेल्या गुरुजींची हुबेहूब कळा. भीमराजने घरी येऊन पहिल्यांदा “आज दोन मास्तर मेले” म्हणून सांगितलं, तेव्हा त्याची बायको कस्तुरा हळहळली होती आणि शाळेला सुट्टी आहे का, ते विचारायला शेजारी निघाली होती.

हसण्यासारखं यात तेवढंच. पुढचं आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत चिंचवडात कडाक्याची थंडी पडली. प्राणीघरातला हीटर दिवाळीपासून बंद होता. भीमराजने तीनदा लेखी अर्ज दिला. साहेबांच्या केबिनमधला हीटर चालू होता, त्यामुळे त्यांना थंडी कळायला काही मार्ग नव्हता. सोळा तारखेला सकाळी दार उघडलं तर एकतीस मास्तर अंगाचं मुटकुळं करून पडलेले, गार आणि ताठ. डॉक्टरसाहेब आले, पेनच्या टोकाने दोघातिघांना ढोसलं आणि म्हणाले, “संपले. भट्टीत टाक.”

“साहेब, मेले न्हाईत ते. मागल्या साली एक असाच गार पडलेला माझ्या हातात उठून बसला. थंडीनं झोपत्यात. जरा ऊब देऊन बघू.”

“अकरा वर्षं पिंजरे धुऊन तू मला प्राणिशास्त्र शिकवणार?” साहेबांनी तिथल्या तिथे रजिस्टरात लिहिलं, ‘हॅमस्टर, एकतीस, मृत,’ आणि खाली झोकात सही ठोकली.

आणि भीमराजने टाकले. हे लपवण्यात अर्थ नाही. साहेब दारात उभे होते आणि त्याच्या तोंडून दुसऱ्यांदा ‘नाही’ निघालं नाही. एकोणतीस त्याने स्वतःच्या हाताने भट्टीत टाकले. शेवटचे दोन उरले तेव्हा साहेबांना फोनवर बोलावलं. ते वळले तसे भीमराजने ते दोन उचलून स्वेटरच्या आत पोटाशी धरले.

“अवो, पोटाशी काय धरलंय?” जेवणाच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा कस्तुराने दारातच विचारलं.

“मास्तर.”

तिने जुन्या लुगड्याचं फडकं आणलं आणि दोघांना त्यात गुंडाळून चुलीपासून हातभर लांब ठेवलं. भात शिजेपर्यंत एकाच्या मिशा थरथरल्या. मग दुसऱ्याने पाय झाडला.

“अगं बया, जित्ता हाय की ह्यो!”

भीमराजला आनंद व्हायला हवा होता. तो उठून मोरीत गेला आणि ओकला. कस्तुरा पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी राहिली. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, “बाकीचे?” त्याने तिच्या हातातून तांब्या घेतला आणि मोरी धुवायला लागला. तिने परत विचारलं नाही.

पुढचे दोन महिने त्या खोलीत मास्तरांचं राज्य होतं. पहिल्या दिवशी कस्तुराने मायेने दोघांना एकाच खोक्यात ठेवलं, तर मिनिटभरात एकाने दुसऱ्याचा कान फोडला. म्हणून भीमराजने मध्ये फळी ठोकली. सुताराकडून लाकडाचा भुसा आणला. दिवसभर दोघे झोपायचे आणि दिवेलागणीला उठून ज्वारी, हरभरा, गाजराचा तुकडा मिळेल ते गालात भरायचे. खोकं धुताना त्यांना जमिनीवर सोडलं की तो माल कुठेतरी लपवून यायचे. कस्तुराला अंथरुणाच्या घडीत, पिठाच्या डब्यामागे हरभरे सापडायचे. “चोर हायेत मेले,” म्हणत ती ते परत त्यांच्यापुढे टाकायची. शेजारच्या शालनबाई बघायला आल्या, त्यांच्या मागून चाळ आली आणि बातमी कंपनीच्या गेटपर्यंत पोचली.

आता साहेबांची अक्कल बघा. मास्तर मेलेले होते म्हणावं तर चोरी कसली? आणि जिवंत होते म्हणावं तर त्या एकोणतिसांचं काय? यातून सुटायला साहेबांनी चोरी एक दिवस मागे सरकवली आणि रजिस्टरातल्या एकतीसवर शाई गिरवून एकोणतीस केले. म्हणजे साहेबांनी मेले म्हटले ते मेलेलेच, आणि चोर कोण तर भीमराज.

“सही केलीस तर नुसती ताकीद. नाही केलीस तर आजपासून घरी,” लक्ष्मणराव म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, “अरे, दोन उंदरांपायी पोटावर पाय कशाला आणतोस?”

भीमराजचा आवाज चढला. “उंदरांपायी न्हाई! मी जित्ते जीव जाळले, साहेब. तुमी सांगितलं म्हणून जाळले. मला चोर म्हणा, खुशाल म्हणा. पण ते एकोणतीस मेलेले हुते, ह्यावर माझी सही मिळायची न्हाई.”

डॉक्टरसाहेब खिडकीबाहेरच बघत राहिले.

लक्ष्मणरावांनी खण उघडून दुसरा कागद काढला. तो आधीच टाइप करून ठेवलेला होता. भीमराजने तो मोठ्यांदा वाचला आणि सही केली, कारण त्याला कामावरून कमी केलं हे तरी त्यात खरं लिहिलं होतं. लक्ष्मणरावांनी खोक्याला हात घातला, तसा भीमराजने त्यावर पंजा ठेवला.

“पावती द्या.”

“कसली पावती?”

“कंपनीचा माल म्हणता ना? मग जमा केल्याची पावती.”

लक्ष्मणरावांनी वैतागून चिठ्ठीवर लिहिलं, ‘हॅमस्टर, नग दोन, मिळाले.’ भीमराजने वाचलं.

“जिवंत लिहा. आन सही ह्या साहेबांची पाहिजे.”

खोक्यात एक मास्तर मागच्या पायांवर उभा राहून जाळी कुरतडायला लागला. तो आवाज तेवढा येत राहिला. शेवटी डॉक्टरसाहेबांनी हात लांब करून चिठ्ठी ओढली, ओळीच्या वर बारीक अक्षरात एक शब्द लिहिला आणि मान वर न करता सही केली. आज ती सही झोकात आली नाही.

“मधली फळी काढू नका,” जाता जाता भीमराज म्हणाला. “एकमेकाला फाडत्यात. आन गारठ्याला ठिवू नका.”

घरी कस्तुरा अंथरूण झटकत होती. त्याचे रिकामे हात तिला दिसले.

“मास्तर?”

“जमा केले.”

“आन नोकरी?”

“गेली.”

ती खाली बसली. त्याने चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने नेहमीसारखी मोठ्यांदा वाचली.

“जिवंत कुठं लिहिलंय?” तिने विचारलं.

त्याने तिचं बोट धरून त्या बारीक अक्षरांवर ठेवलं. ती बघत राहिली. तिच्या दुसऱ्या मुठीत घडीतून निघालेले चार हरभरे होते.